गवयाचा दम आणि सायकल

वडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून जिन्याखाली एक सायकल हटकून सापडते. तिच्यावर पोती पडलेली असतात, चाकांतली हवा गेलेली असते, घंटी तेवढी वाजते. ती मोडीत काढावी असे घरात सर्वांनाच वाटते, पण कोणी काढीत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरीही तशी एक होती. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी ती बाहेर काढली. त्याचे कारण गाण्यातले होते, म्हणून ते येथे सांगतो.

गाणे शिकविणे हा बैठा धंदा आहे. सकाळी दोन शिकवण्या, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा चार शिकवण्या. दिवसाचे सात-आठ तास मांडी घालून जातात. चाळिशी उलटल्यावर माझ्या लक्षात येऊ लागले की जिना चढून आलो की पहिला षड्ज हलतो आणि मोठी तान शेवटच्या वळणावर तुटते. एखाद्या कारकुनाला दम लागला तर फाईल दोन मिनिटे उशिरा पुढे जाते. गायनमास्तरचा दम तुटला तर शिष्य तीच तुटकी जागा बरोबर समजून उचलतो. माझ्या एका विद्यार्थिनीने तान नेमकी मी श्वास घेतला होता तिथेच तोडली, तेव्हा हे मला स्पष्ट दिसले. बैठकीत गाणे सोडावे आणि पेटीच्या आधाराने फक्त शिकवीत राहावे, इथपर्यंत विचार आला होता.

माझे वडील सोळाव्या वर्षी दरबारच्या कलावंत कारखान्यात तंबोऱ्याच्या साथीला लागले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. फैय्याजखाँसाहेबांचे गाणे त्यांनी समोर बसून ऐकलेले. बैठकीला जाताना तंबोरे गवसणीत घालून टांग्यातून जात आणि वडील सायकलवरून टांग्यामागे. वाद्याला गादी, माणसाला पायडल! ते नेहमी म्हणत, "गवयाचा दम छातीत राहतो, पण येतो पायांतून."

हे बोलणे वाटते तितके गमतीचे नाही. रियाजाने श्वास जपून सोडण्याची शिस्त लागते, परंतु हृदयाने रक्त जोराने फिरवावे आणि स्नायूंनी त्यातला प्राणवायू उचलावा, ही शक्ती मांडी घालून येत नाही. बैठ्या माणसाची ती शक्ती तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी उतरत जाते. तिला धरून ठेवायचे तर मांड्यांचे मोठे स्नायू बराच वेळ चालते ठेवावे लागतात. धावण्यानेही ते साधते, पण शरीराचा भार गुडघ्यांवर आदळतो. सायकलवर तो भार सीट घेते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे की प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आता मध्यम म्हणजे किती? ह्याची वैद्यकातली एक साधी खूण आहे, आणि ती गवयाने ऐकली तर तो खूशच होईल: बोलता यावे, पण गाता येऊ नये! सायकलवर मला स्थायी सुखाने म्हणता आली तर वेग कमी. शेजाऱ्याच्या 'काय मास्तर, कुठे?' ह्याला उत्तर देता आले नाही, तर वेग जास्त. ह्याहून चांगले यंत्र मला नको आहे.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने टायर-ट्यूब आणि ब्रेकची रबरे बदलली, साखळीला तेल दिले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, सीट नीची छे, घूंटण मरी जशे." त्याने सीट चार बोटे वर घेतली. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा, हा त्यातला नियम. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्यांनी आधी सीट पाहावी.

पुढचे सारे विलंबितापासून. पहिले दोन आठवडे फक्त सूरसागराच्या फेऱ्या मारल्या. मग विश्वामित्रीचा पूल ओलांडून काळ्या घोड्यापर्यंत आणि कमाटीबागेवरून परत. आपले शहर सपाट, पुलाचा चढ डोळ्यांना दिसतही नाही, पण पायांना नेमका कळतो. तीन महिन्यांनी फत्तेगंज धरून रोजचे दहा-बारा किलोमीटर होऊ लागले.

लय सांभाळायला मी त्रिताल धरतो. माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८. पायांच्या एका फेऱ्यात चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. प्रत्येक पावलाला एक मात्रा धरली तर आठ फेऱ्यांत सोळा मात्रा भरतात. म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन त्रेचाळीस-चव्वेचाळीस मीटरांचे! चढावर आवर्तन लांबते. तिथे जोर न करता लय उतरू द्यावी, सपाटीवर ती आपोआप परत येते.

वर्षभरात वजन पाच किलोंनी उतरले आणि सकाळची नाडी ८४ वरून ७२ वर आली. पण माझा खरा हिशेब तानेचा. गेल्या गणेशोत्सवात तासभर गायलो आणि तुटणारे ते वळण एका दमात पार पडले. ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी आणखी एक सांगतो. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या अडीच लाखांवर माणसांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात सायकल चालविणारा बहुधा इतर बाबतींतही नेटका असतो, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचावा.

छातीचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. डोक्याला हेल्मेट घालावे. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी घरी यावे. आणि गाणाऱ्यांनी उतरल्याबरोबर तंबोरा घेऊ नये. अर्धा तास श्वास बसू द्यावा.

आबासाहेब मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश ज्या शहरात सिद्ध झाला, जुम्मादादांच्या आखाड्यात ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या दंड-बैठका काढल्या, त्या शहराला व्यायाम मी काय शिकवणार? फक्त पहाटे साडेपाचला सूरसागरच्या काठी कोणी गृहस्थ सायकलवरून 'धा धिं धिं धा' पुटपुटत जाताना दिसला, तर त्याला मध्येच थांबवू नका. सम जवळ आलेली असते. मागून सायकल घेऊन आलात तर मात्र स्वागत आहे.