नदीकाठचं पीएनसी पार्क

पिट्सबर्गमध्ये बेसबॉलचा सामना पाहायला जायचं, तर गाडी शहराच्या मध्यभागी ठेवावी आणि अ‍ॅलेगनी नदीवरचा रोबर्टो क्लेमेंटे पूल पायी ओलांडावा. सामन्याच्या दिवशी तो वाहनांना बंदच असतो. हा पिवळा पोलादी पूल 1928 चा, पलीकडचं पीएनसी पार्क 2001 चं. तरी दोन्ही एकाच हाताने घडवल्यासारखी वाटतात.

या स्टेडियमचं मोठेपण त्याच्या ठेंगणेपणात आहे. प्रेक्षकांचे मुख्य मजले दोनच आणि आसनं साधारण 38 हजार. सर्वांत वरची खुर्चीही मैदानापासून अवघ्या 88 फुटांवर आहे. पण रचनाकारांचा खरा शहाणपणा नदीच्या बाजूला दिसतो: तिथे त्यांनी उंच गॅलरी उभारलीच नाही. होम प्लेटच्या मागे बसलं की हिरवं मैदान, नदी, पूल आणि पलीकडच्या उंच इमारती एका नजरेत येतात.

याआधीचं थ्री रिव्हर्स स्टेडियमही याच काठावर होतं. अ‍ॅलेगनी आणि मोनोंगाहिला मिळून जिथे ओहायो नदी सुरू होते, त्या संगमाजवळ. 1970 मध्ये सुरू झालेलं ते वर्तुळाकार काँक्रीटचं बांधकाम चहूबाजूंनी बंद होतं. नावात तीन नद्या असूनही आत बसलेल्याला नदीचा पत्ता लागत नसे. तसं स्टेडियम कुठल्याही शहरात चाललं असतं. पीएनसी पार्क मात्र इथून हलवलं तर निम्मं मागेच राहील.

बाहेरचा पिवळसर चुनखडीचा दगड मिनेसोटाचा आहे, पण त्याचा रंग पुलांशी जुळतो. उघडे ठेवलेले पोलादी खांब आणि तुळया या पोलादनगरीला शोभतात.

नदीकडच्या कोपऱ्यात, म्हणजे राइट फील्डला, मैदानाची हद्द होम प्लेटपासून फक्त 320 फुटांवर येते. जागाच तेवढी आहे. म्हणून चेंडू सहज बाहेर जाऊ नये यासाठी तिथली भिंत उंच केली, तीही बरोबर 21 फूट. 21 हा, ज्याच्या नावाचा तो पूल, त्या रोबर्टो क्लेमेंटेच्या जर्सीचा क्रमांक. पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाचा हा पोर्तो रिकोचा खेळाडू राइट फील्डलाच उभा राहायचा. 31 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं आणि तो गेला. अडचणीच्या जागेतून निघालेली गरज आणि लाडक्या खेळाडूची आठवण, दोन्ही एकाच भिंतीत बसवणं मला या रचनेतलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

तिकीट काढताना, नदी आणि पूल नीट पाहायचे तर, तिसऱ्या बेसच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची जागा मागा. मैदानालगतच्या महागड्या खुर्चीपेक्षा ती कधीही सरस.