घानातला बंद संगणक आणि तुमच्या घरातला बॅकअप

२७ जून २०१७. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’चे संगणक ठप्प झाले. कोणता कंटेनर कुठे ठेवायचा आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे तोवर संगणक सांगत होता. आता तेच काम हाताने करायची वेळ आली. बिघाड मात्र रायगड जिल्ह्यातला नव्हता. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातलं, आणि त्या दिवशी मर्स्कचं जगभरातलं संगणकांचं जाळंच कोसळलं होतं.

कारण होतं ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागणारा संदेश यायचा, पण पैसे भरूनही डेटा परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

दीडशे प्रती आणि वीज गेलेलं एक ऑफिस

मर्स्ककडे बॅकअप नव्हता असं नाही. बऱ्याच सर्व्हरचे बॅकअप सापडले. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कंपनीत कोण कोण आहे आणि कुणाला कशात प्रवेश आहे, ही यादी सांभाळणारे सुमारे १५० संगणक होते. त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. ते एकमेकांशी सतत जोडलेले असत आणि प्रत्येकात तीच माहिती असे. एक बिघडला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब होता. सगळे एकाच वेळी जातील, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. नेमकं तेच झालं.

शेवटी एक संगणक शाबूत सापडला, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या ऑफिसात. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला राहिला. त्यातला काहीशे जीबी डेटा इंटरनेटवरून इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकजण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो विमानाने लंडनला पोहोचला. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा धरला गेला.

एवढी मोठी कंपनी वाचली, ती जाळ्याला न जोडलेल्या एका प्रतीमुळे.

घरातली गोष्ट वेगळी नाही

आपले फोटो लॅपटॉपवर असतात आणि क्लाउडवरही जातात. त्यामुळे बॅकअप आहे असं आपण धरून चालतो. पण सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंकमध्ये इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. बऱ्याच सेवा ती काही दिवस ट्रॅशमध्ये ठेवतात, पण कायम नाही. कायम लॅपटॉपला लावून ठेवलेल्या हार्ड डिस्कचंही तेच. व्हायरस आला तर तो तिच्यातही शिरतो.

म्हणून जाणकार ‘३-२-१’ हा साधा नियम सांगतात. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. मुलं पुण्याला आणि आईबाबा दुर्ग-भिलाईला, अशी घरं आता कितीतरी आहेत. एकमेकांच्या घरी एकेक डिस्क ठेवली तर तिसऱ्या प्रतीचा प्रश्न सुटतो.

संगणक सुरूच झाला नाही तर?

फाइल वाचल्या तरी विंडोजच उघडत नसेल तर आणखी तीन गोष्टी हाताशी लागतात.

पहिली, संगणक सुरू करू शकणारा पेन ड्राइव्ह. मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तो फुकट बनवता येतो. मात्र संगणक धडधाकट असतानाच बनवून ठेवा.

दुसरी, सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्राम, सेटिंग आणि फाइल यांचं जसंच्या तसं एक चित्र. कंट्रोल पॅनलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोर’मधून ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेता येते. मॅकवर फाइल, प्रोग्राम आणि सेटिंग सांभाळायला ‘टाइम मशीन’ आहे.

तिसरी, रिकव्हरी की. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि बिघाडाच्या वेळी ४८ आकडी की मागितली जाते. जुलै २०२४मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांना अनेक ठिकाणी हीच की शोधावी लागली. तुमची की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये पाहा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा.

दुकानदार ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. आधी डिस्कवरच्या फाइल दुसरीकडे काढून घेता येतील का, ते विचारा. इमेज परत टाकली की संगणक ती घेतलेल्या दिवशी होता तसा होतो. त्यानंतरचं सगळं पुसलं जातं.

मग पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करा. कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबल्यावर कशावरून सुरू करायचं ते विचारलं जातं. पुढे ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मधून ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’ निवडा. व्हायरसचा संशय असेल तर बॅकअपची डिस्क त्या बाधित विंडोजमध्ये अजिबात जोडू नका. सगळं परत आलं की आधी अपडेट करा, मग पासवर्ड बदला.

एकदा करून पाहा

बॅकअप घेतलाय हे खरं, पण तो उघडतो का? बहुतेकांनी हे कधी तपासलेलं नसतं. येत्या रविवारी बॅकअपमधून एक फोटो आणि एक कागदपत्र दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होतो का, तेही बघा. तिथे काही इन्स्टॉल न करता बाहेर पडा. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाला सोबत बसवा. पुढच्या वेळी तो एकटा करेल. आणि काम झालं की हार्ड डिस्कची वायर काढून ठेवायला विसरू नका.