संगणकाची केबल निवडताना

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. २०१५ मध्ये तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. पण फायबर इमारतीत येऊन एका यंत्रापाशी थांबते. तेथून लिपिकाच्या टेबलापर्यंत किंवा शाळेच्या संगणक कक्षापर्यंत माहिती नेण्याचे काम बहुधा तांब्याची केबलच करते. हे शेवटचे काही मीटर सदोष असले, तर दाखल्यासाठी आलेल्या माणसाला ताटकळावे लागते आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो.

या केबलच्या आवरणात आठ तारा असतात व त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. हा पीळ केवळ बांधणीसाठी नसतो. बाहेरचा विद्युत उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो आणि पलीकडे दोहोंतील फरक तेवढा मोजला जात असल्याने तो वजा होतो. म्हणून कनेक्टर बसविताना पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उसवू नये.

केबलचे प्रकार 'कॅट' या अक्षरांपुढील आकड्याने ओळखले जातात. 'कॅट-५ ई' केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट माहिती नेते. 'कॅट-६' तेवढ्याच अंतरावर हेच काम करते आणि सुमारे ५५ मीटरपर्यंत दहा गिगाबिटही पेलते. 'कॅट-६ ए' दहा गिगाबिट पूर्ण १०० मीटर नेते. घर, शाळा वा लहान कार्यालय यांना 'कॅट-५ ई' पुरते. मात्र नव्या बांधकामात केबल भिंतीत पुरावयाची असल्यास 'कॅट-६' घ्यावी, कारण पुढे भिंत फोडण्याचा खर्च केबलच्या किमतीतील फरकाहून अधिक होतो. 'कॅट-८' तर सुमारे ३० मीटर अंतरासाठी, मोठ्या माहिती केंद्रांकरिता आहे. दुकानदाराने आग्रह केला तरी तिचा येथे उपयोग नाही.

खरी फसगत होते ती आकड्यात नव्हे, धातूत. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली केबल बाजारात स्वस्त मिळते व तिच्यावरही 'कॅट-६' असे छापलेले असते. ॲल्युमिनियमचा विद्युत रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि तार वाकविली की लवकर तुटते. कॅमेरा किंवा वाय-फाय यंत्राला याच केबलमधून वीजही पुरवावयाची असेल, तर लांब अंतरावर दाब घटतो व तार तापते. प्रस्थापित मानकांना अशी केबल मान्यच नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे: तार ब्लेडने खरवडावी, आतून पांढरा धातू दिसला तर ती परत करावी. दिवे लावून पाहणाऱ्या साध्या टेस्टरवर मात्र हा दोष दिसत नाही.

दरपत्रके मागविताना नुसते 'कॅट-६ केबल' असे लिहिले, तर सर्वांत कमी दर बहुधा याच मुलाम्याच्या केबलचा येणार आणि नियमाप्रमाणे तोच स्वीकारावा लागणार. यास्तव मागणीपत्रातच 'संपूर्ण तांब्याच्या तारांची' असे शब्द घालावेत.

विजेच्या तारा आणि ही केबल एकाच नळीतून नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. उन्हात राहणाऱ्या भागासाठी बाहेरच्या वापराची, काळ्या पॉलिथीन आवरणाची केबल घ्यावी. पंचायत व शाळा या दोन स्वतंत्र इमारती जोडावयाच्या असतील तर तांबे टाळून फायबरच घालावे. पावसाळ्यात जवळपास वीज पडली, तर तांब्याच्या तारेतून तिचा धक्का दोन्ही टोकांच्या यंत्रांना पोहोचतो. काचेच्या तंतूतून तो जात नाही.

काम संपल्यावर देयक मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक केबलच्या आठही तारा तपासून घ्याव्यात. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात. एखादी तार सुटलेली असली तरी जोडणी काही वेळा शंभर मेगाबिटवर चालू राहते, त्यामुळे दोष कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहून त्याची नोंद कार्यालयाच्या वहीत ठेवावी.