विजेच्या शेकपट्ट्याचें कापड

थंडीच्या दिवसांत घरांतील वडील माणसांचे गुडघे दुखूं लागले म्हणजे पूर्वीं तव्यावर फडकें तापवून शेक देत असत. तें काम आतां पुष्कळ घरीं विजेचा शेकपट्टा करतो. दोन कापडांच्या मध्यें नागमोडी शिवलेली बारीक तार व तिला जोडलेली वीज, इतकीच त्याची रचना. विज्ञानाची गोडी असलेले विद्यार्थी असा पट्टा स्वतः करूं पाहतात. परंतु त्यांचें सारें लक्ष तारेकडे असतें, आणि कापड हातीं लागेल तें! आमच्या मतें पट्ट्याचें बरेंवाईट बहुतांशीं कापडावरच ठरतें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, कापड उष्णता उत्पन्न करीत नाहीं. तें केवळ तिची वाट मोकळी करतें किंवा अडवितें. १२ ओहम रोधाच्या तारेस १२ व्होल्टांची बॅटरी जोडली, तर १ अँपिअर प्रवाह वाहून दर सेकंदास १२ जूल उष्णता निघते. पट्टा मेजावर पसरलेला असो कीं रजईखालीं दडपलेला असो, निघणारी उष्णता जवळजवळ तितकीच. बाहेर पडण्यास वाट न मिळाली कीं तार मात्र अधिकाधिक तापत जाते. मेजावर कोमट वाटणारा पट्टा रजईखालीं भाजूं लागतो तो यामुळेंच.

म्हणून दोन्ही बाजूंस एकच कापड लावणें आम्हांस पसंत नाहीं. अंगाकडील बाजूस मांजरपाटासारखें पातळ, घट्ट विणीचें सुती कापड असावें. त्यांतून ऊब लवकर येते व घामहि टिपला जातो. बाहेरच्या बाजूस लोकर उत्तम. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते व ती हवाच उष्णतेला अडविते; धनगराच्या घोंगडीचें मर्म हेंच. शिवाय लोकर सहजासहजीं पेट घेत नाहीं. सूत वितळत नाहीं हें खरें, परंतु एकदां ठिणगी धरली कीं तें आंतल्या आंत धुमसत राहतें.

नायलॉन व पॉलिएस्टर धुण्यास सोपीं व दिसण्यांत सुरेख. पॉलिएस्टर सुमारें २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळतें, पॉलिप्रोपिलीन तर १६५ अंशांच्या आसपासच. शेकपट्टा चाळीस अंशांवर चालावयाचा, मग भीति कसली, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. नीट चाललेल्या पट्ट्यांत भीति नाहींच. परंतु घडीघडीनें तार एके ठिकाणीं तुटत आली, तर तेवढाच बिंदु तापून लाल होऊं शकतो, आणि वितळलेल्या धाग्याचा थेंब कातडीस चिकटून बसतो.

तार तुटूं नये यासाठीं कापड लवचिक असावें, पण ताणलें जाणारें नसावें. मोज्यासारखें विणलेलें कापड ताणतें, तार ताणत नाहीं, आणि ओढ सारी तारेवर येते. उभ्याआडव्या धाग्यांच्या कापडावर सैल टाक्यांनीं व गोल वळणांनीं शिवलेली तार पुष्कळ दिवस टिकते. तारेवर सिलिकोन रबराचें आवरण हवें. तें सुमारें २०० अंशांपर्यंत टिकतें व मऊहि राहतें.

कापड कशाचें, हें दुकानदाराच्या शब्दावर सोडूं नये. वडील माणसांच्या देखत एक धागा चिमट्यांत धरून ज्योतीस लावावा. सूत जळतांना कागदाचा वास येतो व मऊ राख उरते. लोकरीस केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आकसून त्याची कठीण गोळी होते.

सर्वांत नाजूक गोष्ट त्वचेची. मोरिट्झ व हेन्रिक्स या संशोधकांनीं १९४७ सालीं दाखवून दिलें कीं, केवळ ४४ अंशांची उष्णताहि सुमारें सहा तास लागून राहिली तर त्वचा भाजते. मधुमेहानें ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांना तें कळतहि नाहीं. कापड जितकें मऊ व सुखकर, तितकी आजीला पट्ट्यावरच झोप लागण्याचा संभव अधिक! म्हणून ठराविक उष्णतेस वीज तोडणारा थर्मोस्टॅट तारेस लागून, अंगाकडील मांजरपाटाच्या आंत शिवावा. बॅटरीच्या तोंडाशीं फ्यूज असावा. घरांतील २३० व्होल्टांची वीज विद्यार्थ्यांनीं या कामीं मुळींच वापरूं नये. वरची खोळ मात्र बटणांची करावी, म्हणजे ती काढून धुतां येते व तार भिजत नाहीं.