मेंदूला स्पंद, मज्जारज्जूची परीक्षा

डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणमात्र तीव्र विद्युतप्रवाह सोडला, की निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीपार जाऊन हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूभागातील चेतापेशींना उद्दीपित करते. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले हे तंत्र टीएमएस (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) या नावाने ओळखले जाते. निरोगी व्यक्तीत हा संदेश मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूपर्यंत सुमारे २० मिलिसेकंदांत पोहोचतो आणि त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमुळे पडद्यावर लाटेच्या रूपात उमटतो. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर ती लाट खुजी होते, उशिरा येते किंवा येतच नाही. बोट तसूभरही हलत नसताना क्षीण लाट दिसली, तर काही तंतू शाबूत असल्याचे कळते, आणि पुनर्वसनाची दिशा ठरवताना ही माहिती फार मोलाची असते.

उपचारातही वेळेचेच गणित आहे. मेंदूकडून उतरणारा संदेश आणि मनगटाजवळील चेतेला दिलेल्या विद्युतस्पंदामुळे उलट चढणारा संदेश मज्जारज्जूत एक-दोन मिलिसेकंदांच्या अंतराने पोहोचतील अशा बेताने हे स्पंद वारंवार दिल्यास तेथील चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधील सांधा, काही काळ बळकट होतो. तुटलेले तंतू यामुळे जुळत नाहीत. उरलेल्यांचे काम वाढते, म्हणूनच व्यायामाची जोड आवश्यक ठरते. डोक्यात धातूचे रोपण किंवा फिट येण्याचा पूर्वेतिहास असल्यास तज्ज्ञाकडून आधी कसून तपासणी व्हावी लागते.