संगणकाच्या वेळेची वांटणी

एकीकडे पत्र लिहावें, दुसरीकडे गाणें ऐकावें आणि तेवढ्यांतच एखादें चित्र उतरून घेण्याचें काम चालू असावें, हा अनुभव संगणक वापरणाऱ्या प्रत्येकास आहे. हीं सर्व कामें एकदम चाललीं आहेत असें दिसतें. वस्तुतः प्रोसेसरचा एक कोअर स्थूलमानानें एका क्षणीं एकाच कामाकडे लक्ष देऊं शकतो. सेकंदाच्या हजाराव्या भागांनीं मोजावी लागेल इतकी लहान पाळी एकास, मग दुसऱ्यास, असें हें चक्र फिरतें, आणि तें इतक्या वेगानें कीं आपणांस खंड जाणवत नाहीं. पुढची पाळी कोणाची, हें ठरविणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा जो भाग, त्यास शेड्यूलर म्हणतात. काम न्यायाधीशाचें, आणि त्यांतला अवघड प्रश्न हा कीं, समान वांटा द्यावयाचा तो कोणाकोणांस?

अँड्रॉइडच्या फोनांपासून मोठमोठ्या सर्व्हरांपर्यंत ज्या लिनक्सचा आज संचार आहे, तींत इंगो मोलनार या हंगेरियन प्रोग्रॅमरचा नवा शेड्यूलर २००७ च्या ऑक्टोबरांत, २.६.२३ या आवृत्तींत, आला. त्याचें नांव ‘कंप्लीटली फेअर’, म्हणजे संपूर्ण न्यायी. नांवांत थोडी आढ्यता आहे खरी, पण युक्ति साधी व सुंदर आहे. प्रत्येक कामाचें एक खातें असतें. काम जितका वेळ प्रोसेसर वापरील तितका वेळ खात्यांत चढतो. आणि ज्याच्या खात्यांत सर्वांत कमी वेळ चढला असेल त्यास पुढची पाळी मिळते. एखाद्या कामास अधिक मान द्यावयाचा असल्यास त्याचें वजन वाढवितात. मग त्याच्या खात्याचा कांटा सावकाश सरकतो आणि तें काम पुन्हां पुन्हां पुढें येतें.

आतां असें समजा कीं, दोन माणसें एकच संगणक वापरीत आहेत. एकाचें एकच काम आहे, दुसऱ्यानें नऊ सुरू केलीं आहेत. प्रत्येक कामास सारखा वेळ दिला तर पहिल्यास शेंकडा दहा आणि दुसऱ्यास शेंकडा नव्वद भाग मिळतो. जो अधिक पसारा मांडील त्याचें अधिक फावेल, असा हा न्याय झाला.

आपल्या वाचकांस हा प्रश्न नवा नाहीं. मिताक्षरेच्या नियमाप्रमाणें, मृत भावांच्या मुलांमध्यें वडिलोपार्जित मिळकत वांटावयाची असतां डोकीं मोजीत नाहींत. आधीं बापांच्या शाखा मोजतात, आणि मग त्या त्या शाखेच्या वांट्यांतून मुलांस हिस्से मिळतात. एका भावास एक मुलगा व दुसऱ्यास नऊ असले, तरी पहिल्या शाखेचा निम्मा भाग उणा होत नाहीं. शेड्यूलरांतील गटवार वांटणी ती हीच. २००८ च्या जानेवारींतील २.६.२४ या आवृत्तीपासून ती लिनक्समध्यें आहे. प्रथम गटांचीं खातीं पाहावयाचीं, ज्या गटास सर्वांत कमी मिळालें असेल तो निवडावयाचा, मग त्या गटांत शिरून तेथील कामांस तोच नियम लावावयाचा. पोटगट असल्यास आणखी एक पायरी उतरावयाची. एके ठिकाणीं मात्र मिळकतीची उपमा सुटते. न कसलेलें शेत धन्याचेंच राहतें. न वापरलेला क्षण तसा राहत नाहीं, म्हणून स्वस्थ बसलेल्या गटाचा वेळ इतरांस देऊन टाकतात आणि पुढें त्याची भरपाई फारशी करीत नाहींत.

ही कल्पना मूळची लिनक्सची नव्हे. ऑस्ट्रेलियांतील सिडनी विद्यापीठांत ज्युडी के व पिअर्स लॉडर यांनीं कामांऐवजीं वापरणाऱ्या माणसांस हिस्से देणारा शेड्यूलर बनविला. त्यावरील त्यांचा लेख १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. तो शेड्यूलर मागील वापराची आठवण ठेवी. ज्यानें पूर्वीं मनमुराद वेळ घेतला त्यास पुढें थोडें मागें सारी, आणि दिवस जातील तसतशी ती आठवण पुसट होऊं देई. माझ्या मतें ही जुनी रीत माणसांच्या न्यायबुद्धीस अधिक जवळची आहे. परंतु बटण दाबतांच उत्तर हवें, अशी अपेक्षा असलेल्या यंत्रास ती सोसेलच असें नाहीं.

पण गट पाडावयाचे कोणीं? २०१० च्या अखेरीस माइक गॅलब्रेथ यानें टर्मिनलवरून सुरू झालेल्या कामांचे आपोआप गट पाडणारी एक छोटी दुरुस्ती सुचविली. एका खिडकींत प्रोग्रॅम कंपाइल करण्याचीं चौसष्ट कामें एकदम सोडलीं, तरी शेजारच्या ब्राउझरचें अडखळणें पुष्कळच कमी झालें. लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्स तिच्यावर निहायत खूष झाला व २०११ मध्यें ती २.६.३८ या आवृत्तींत शिरली. लेनार्ट पॉटरिंग यानें मात्र हरकत घेतली: सामान्य माणूस टर्मिनल उघडतो कोठें? गट पाडणें हें बाहेरच्या व्यवस्थेचें काम आहे. मला त्याची बाजू पटते. कोणतें काम कोणाचें, हें शेड्यूलरास स्वतः होऊन कळण्याचा मार्ग नाहीं. आज गटाचें वजन १ पासून १०,००० पर्यंत कितीहि ठेवतां येतें; कांहींच न सांगितल्यास तें १०० धरतात.

प्रोसेसरचे कोअर अनेक असले म्हणजे हिशेब किती गुंतागुंतीचा होतो, हें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानें दाखविलें. आठ-आठ कोअरच्या आठ ओळी असलेल्या एका संगणकावर एका गटाचीं चौसष्ट कामें होतीं, आणि दुसऱ्या दोन गटांत प्रत्येकीं एकच. गटाचें वजन त्याच्या कामांत विभागलें जात असल्यामुळें एकट्या कामाचें ओझें चौसष्टांतील एका कामाच्या सुमारें चौसष्टपट दिसे. शेड्यूलर ओळीच्या ओझ्याची सरासरी पाही. त्यामुळें ज्या ओळींत तें एकटें भारी काम, ती ओळ भरलेली समजली जाई. तिच्यांतले दुसरे कोअर रिकामे बसत, आणि इतरत्र कामें ताटकळत. सरासरीऐवजीं ओळींतील सर्वांत हलकें ओझें पाहावयाचें, एवढीच दुरुस्ती केल्यावर त्या चौसष्ट कामांचा वेळ शेंकडा १३ नें घटला.

२०२३ च्या ऑक्टोबरांतील ६.६ या आवृत्तीपासून पाळी ठरविण्याचा नियम बदलला आहे. १९९५ मधील आयन स्टॉइका व हुसेन अब्देल-वहाब यांच्या रीतीवर तो आधारलेला आहे. वांटा किती, याबरोबर तो किती लवकर हवा, हेंहि आतां पाहतात. गटांची उतरंड मात्र पूर्वींचीच ठेविली आहे.