निखाऱ्यावरचा बटाटा : फॉइल वेळीच काढा

अमेरिकेत उन्हाळ्यात घरामागच्या अंगणात कोळशाची ग्रिल पेटते, तेव्हा मांसाच्या जोडीला अख्खे बटाटेही भाजले जातात. स्वच्छ धुतलेल्या बटाट्याला सालासकट टोचे मारून, तेल-मीठ चोळून तो अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळतात. थेट आचेवर साल करपते आणि गाभा कच्चा राहतो. म्हणून बटाटे निखाऱ्यांच्या बाजूला ठेवून ग्रिलचे झाकण लावावे. साधारण तासाभराने सुरी अलगद आत शिरली, की बटाटा शिजला असे समजावे.

खरी दक्षता त्यानंतर घ्यावी लागते. बटाट्याच्या गाभ्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. मातीतून आलेले ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूचे बीजाणू तेवढ्या उष्णतेत तग धरू शकतात. फॉइलच्या आत ओलावा असतो, प्राणवायू मात्र जवळजवळ नसतो. असा बटाटा तासन् तास बाहेर राहिल्यास बीजाणू रुजतात आणि मज्जासंस्थेवर आघात करणारे विष तयार होते. १९९४मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे एका उपाहारगृहात अशाच बटाट्यांपासून केलेल्या पदार्थामुळे ३० जणांना विषबाधा झाली होती.

त्यामुळे बटाटा गरम असतानाच खावा. उरल्यास फॉइल काढून तो दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा.